शेक्सपिअर भिंतीवर लावायचाय: ड्रोशाउट की हाउब्राकेन?

शेक्सपिअरचं ताम्रपटावर कोरून कागदावर छापलेलं चित्र घ्यायचं ठरवलं की दोन चेहरे समोर येतात. एक मार्टिन ड्रोशाउटचा, १६२३ सालचा. दुसरा याकोब हाउब्राकेनचा, १७४७ सालचा.

ड्रोशाउटचं चित्र 'फर्स्ट फोलिओ'च्या शीर्षकपानावर आहे. शेक्सपिअर १६१६ मध्ये गेला. सात वर्षांनी हेमिंग्ज आणि कॉन्डेल या त्याच्याच नाटक कंपनीतल्या सोबत्यांनी ३६ नाटकं एकत्र करून हा ग्रंथ काढला. चित्र म्हणून काम कच्चंच आहे. धडाच्या मानाने डोकं मोठं आणि कडक कॉलरवर ते ताटात ठेवल्यासारखं दिसतं. तरीही मला हाच चेहरा मोलाचा वाटतो, कारण शेक्सपिअरसोबत रंगमंचावर वावरलेल्यांनी तो त्याच्या ग्रंथात जाऊ दिला. समोरच्याच पानावर त्याच्याच काळातला नाटककार बेन जॉन्सन लिहितो की कोरणाऱ्याला चेहरा साधलाय, बुद्धीही अशीच कोरता आली असती तर! वाचकाला तो चित्र सोडून पुस्तकाकडे बघायला सांगतो. तोच ताम्रपट १६८५ च्या चौथ्या फोलिओपर्यंत, म्हणजे याच ग्रंथाच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत, वापरला गेला. तांबं झिजतं, रेषा पुन्हा कोराव्या लागतात, त्यामुळे नंतरच्या छापांत चेहरा गडद आणि खडबडीत होत गेला.

हाउब्राकेन अ‍ॅमस्टरडॅमचा, हात फार तयार. थॉमस बर्चच्या थोर ब्रिटिशांच्या चित्रसंग्रहासाठी त्याने हे काम केलं. समोर जिवंत माणूस नव्हताच. आधार होता 'चॅन्डॉस' नावाच्या तैलचित्राचा, जे आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. ते शेक्सपिअरचंच आहे याचा पक्का पुरावा नाही. पण छाप देखणी: चेहरा मऊ, भोवती नक्षीदार चौकट. दिवाणखान्यात उठून दिसेल.

आता खिशाचं. ड्रोशाउटची अस्सल छाप म्हणजे फोलिओतलं पान, सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं. आणि त्यासाठी कुणी ग्रंथ फाडावा असं मला मुळीच वाटत नाही. म्हणजे त्याची प्रतिकृतीच घ्यावी लागते. हाउब्राकेनची जुनी छाप मात्र साध्या संग्राहकालाही मिळू शकते.

जुनी म्हणून विकत असतील तर भिंगातून बघा. रेषा सलग आणि शाई किंचित उठलेली हवी. जाळीसारखे एकसारखे बारीक ठिपके दिसले तर ती फोटोवरून केलेली छपाई. कडा कापलेल्या नसतील तर चित्राभोवती ताम्रपटाच्या दाबाची खोलगट रेघही सापडते. हाउब्राकेनच्या ताम्रपटावरून पुढेही छापा काढल्या गेल्या, म्हणून कागद कधीचा आहे हे विक्रेत्याला आवर्जून विचारा.

जुन्या कागदाचाच मोह असेल तर हाउब्राकेन घ्या. मी मात्र ड्रोशाउटची चांगली, प्रतिकृती म्हणूनच विकलेली छाप घेईन. मुंबई-कोकणच्या दमट हवेत दोन्हींना आम्लविरहित माउंट (चित्राला लावायचा पुठ्ठा) लागेल, आणि पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळायला हवी.