पाण्याखालचं कोण बघतंय?

दर सुट्टीला ट्रेलर जोडायचा, रॅम्पवर रांगेत थांबायचं, परतताना अंधारात बोट वर ओढायची. याला कंटाळून यंदा हंगामभर बोट पाण्यातच ठेवायची ठरवली. बोया, म्हणजे पाण्याच्या तळाशी साखळीने बांधलेला, बोट अडकवायचा तरंगता गोळा, भाड्याने देणारा एक जण मिळाला. माणूस बोलायला गोड. पूर्ण हंगामाचे पैसे त्याने आगाऊ घेतले. त्यात बोटीच्या तळाला अँटिफाउलिंग रंग (शेवाळ, शिंपले धरू न देणारा), ड्राइव्हला (पंखा फिरवणारा पाण्यातला भाग) गंजापासून वाचवणारे धातूचे नवे तुकडे म्हणजे ॲनोड, पाणबुड्याकडून साखळीची तपासणी आणि दर आठवड्याला बॅटरी नि बिल्ज पंप (बोटीत साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) बघून फोटो, असं सगळं करू म्हणाला. बोट त्याच्या ताब्यात दिली, पाण्यात त्यानेच सोडली. मी पाहिली ती तरंगतानाच, आणि चूक तिथेच झाली.

फोटो वेळेवर येत होते. सहाव्या आठवड्याचा फोटो बघून मुलगी म्हणाली, "बाबा, कठड्यावरचा हा टॉवेल तर आपण मागेच घरी आणलाय." मी जुने फोटो काढून शेजारी-शेजारी ठेवले. टॉवेलची घडी तीच, दोराचा वेढाही तोच. सगळे फोटो एकाच दिवशी काढून ठेवलेले होते.

दुसऱ्या दिवशी पोहोचलो तर बोट मागच्या बाजूने खाली बसलेली. आच्छादन एका कोपऱ्यात फाटलं होतं, तिथून पावसाचं पाणी आत जात होतं. पंप चालून चालून बॅटरी संपली आणि मग पंपही थांबला. पाणी इंजिनाच्या खाली चार बोटांवर आलं होतं. आणखी एक जोराची सर आली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही.

बोट उचलून घेतली तेव्हा खरा प्रकार दिसला. पाण्याच्या रेषेखाली वीतभर नवा रंग, त्याच्याखाली गेल्या हंगामाचा पोपडे सुटलेला रंग, त्यावर शेवाळ आणि बार्नॅकलचा (चिकटून बसणारे कवचवाले समुद्री जीव) थर. वरून वाकून बघणाऱ्याला दिसेल तेवढाच पट्टा त्याने रंगवला होता. ड्राइव्हवर स्प्रे मारला होता, तोही जुन्या ॲनोडसकट. हे मला सगळ्यात जास्त लागलं. ॲनोड स्वतः झिजतो म्हणून ड्राइव्हचं ॲल्युमिनियम वाचतं. त्याचा धातू पाण्याला उघडा हवा, रंग लागला की तो निकामी. नखाने रंग खरवडला तर आत ॲनोड जवळपास तसाच, आणि शेजारी ड्राइव्हच्या अंगाला खड्डे.

मग आम्हीच पाणबुड्या बोलावला. बोयाजवळचा शॅकल (साखळी जोडायचा लोखंडी आकडा) नवा, चकचकीत. पण साखळी जिथे सतत तळावर आपटते आणि उचलली जाते, तिथल्या कड्या झिजून निम्म्यावर आल्या होत्या.

जाब विचारला तर तो शांतपणे म्हणाला, "पावतीवर काय लिहिलंय बघा." पावतीवर लिहिलं होतं, "बोया वापर शुल्क". बाकी सगळं तोंडीच होतं.

म्हणून कळकळीने सांगतो, कामं एकेक करून कागदावर लिहून घ्या आणि पैसे कामागणिक द्या. रंग झाला की बोट पाण्यात जाण्याआधी स्वतः खाली वाकून तळ बघा. काढलेले जुने ॲनोड हातात मागा. ॲनोड निम्मा झिजला की बदलायचा असतो, त्यामुळे बदलला म्हणणाऱ्याकडे जुना असायलाच हवा. साखळीचा फोटो तळाजवळचा मागा, बोयाजवळचा नको. आणि जोराचा पाऊस झाला की कोणाच्या भरवशावर न राहता स्वतः जाऊन या.

पैसे अजून परत मिळालेले नाहीत. गेल्या आठवड्यात त्याच बोयाला दुसरी बोट बांधलेली दिसली. आजूबाजूला विचारून तिच्या मालकाचा नंबर मिळवला आणि त्यांना त्या झिजलेल्या कड्यांचा फोटो पाठवला. संध्याकाळपर्यंत त्यांनी बोट हलवली.