रावेरच्या केळी कोल्ड स्टोरेजमध्ये २४ पोर्टचा लेअर-३ स्विच: घ्यावा का?

ऑफिसचे संगणक, कॅमेरे आणि चेंबरचे तापमान-कंट्रोलर एकाच नेटवर्कवर कोंबलेले असतील, तर घ्याच. लेअर-३ स्विच म्हणजे नेटवर्कचे भाग पाडून त्या भागांमध्ये डेटाची ने-आणही करणारा स्विच. तीन व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्क) पाडा: ऑफिसला १९२.१६८.१०.०/२४, कॅमेऱ्यांना १९२.१६८.२०.०/२४, कंट्रोलरना १९२.१६८.३०.०/२४. प्रत्येक व्हीलॅनमध्ये स्विचला .१ हा पत्ता द्या. तोच त्या उपकरणांचा गेटवे, म्हणजे दुसऱ्या नेटवर्ककडे जायचं दार. /२४ मध्ये २५४ पत्ते मिळतात, गोदामाला बख्खळ.

खरी गोची पुढे आहे. अशा स्विचमध्ये आयपी राउटिंग (एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात डेटा पोहोचवणं) बहुधा मुळात बंद येतं. ते चालू केलं नाही, तर ऑफिसच्या संगणकावरून १९२.१६८.१०.१ ला पिंग (पलीकडून उत्तर येतं का, ही चाचणी) लागतो, पण कॅमेऱ्याला लागत नाही, आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो. मग डिफॉल्ट रूट (बाहेरच्या सगळ्या पत्त्यांसाठीचा मार्ग): ०.०.०.०/० इंटरनेट राउटरकडे. पण राउटरवरही या तिन्ही नेटवर्कचे परतीचे रूट टाकावे लागतात, नॅटमध्येही (आतले पत्ते इंटरनेटच्या पत्त्यात बदलणारी सोय) ही नेटवर्क घ्यावी लागतात. नाहीतर पॅकेट जातं, उत्तर येत नाही.

राउटिंग सुरू झालं की कॅमेऱ्यांना कंट्रोलरही दिसू लागतात. अ‍ॅक्सेस लिस्ट (कोणी कुठे जायचं याचे नियम) लावून ते तोडा. कॉन्फिगरेशन सेव्ह करा, नाहीतर लाइट गेली की सगळं पुसलं जातं.

वेब मेनू रडत-खडत चालतो, राउटिंग मात्र चिपवर होत असल्याने झपाट्याने. पंखा नाही, म्हणून आवाज नाही. पण माहितीपत्रकात मर्यादा ४५ अंशांची आहे. मे महिन्यात पत्र्याखालच्या बंद रॅकमध्ये ती सहज ओलांडली जाते. ओलसर चेंबरही नको. ऑफिसातच बसवा, वर हातभर जागा सोडून.