दिव्यांग मुलाला काम शिकायला पाठवताना कोच (कामाच्या जागी सोबत राहून काम शिकवणारी) सोबत पाठवायची की तिथलाच एखादा कामगार जोडीदार म्हणून बघायचा?
भाचा २० वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. अंबड एमआयडीसीत एका पॅकिंग युनिटला महिनाभर काम शिकायला पाठवला तेव्हा आम्ही दोन्ही करून बघितलं. आधी कोच ताई रोज बरोबर. ती काम तोडून तोडून दाखवायची, खोका उघड, खाली टेप मार, १२ नग मोज, आणि फोटोंचा तक्ता टेबलावर चिकटवलेला. शिकला पटकन, पण जरा अडलं की ताईच्या तोंडाकडे बघायचा आणि सुपरवायझर पण त्याच्याशी न बोलता तिलाच सांगायचा, हे मला जाम खटकलं. मग ताई आठवड्यातून २ दिवस, बाकी लाईनवरचे एक काका. काका पहिल्या दिवशी सगळं एका दमात सांगून मोकळे, पोरगं पार गडबडलं. पण डबा खायला हाक मारणारं माणूस मिळालं ना!

सुरुवातीचे ८-१० दिवस कोच हवीच, नंतर जोडीदार भारी. आणि हो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे समान संधी धोरण (दिव्यांगांना कामावर काय सोयी देणार ते लिहिलेलं) खासगी कंपनीनेही जाहीर करायचं असतं, पाठवायच्या आधी ते मागून घ्या. आम्ही मागितलं तर एचआरवाला आमच्याकडेच बघत बसला.