बोट ट्रेलर, चौदा महिन्यांनी: तक्रार एका टोपणाची

गेल्या रविवारी आय-४५ वर, टेक्सस सिटीच्या अलीकडे, एक पिकअपवाला हॉर्न मारत, मागे बोट दाखवत पुढे गेला. आरशात पाहिलं तर ट्रेलरच्या डाव्या चाकातून धूर. बाजूला घेतलं, हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हात नेला आणि झटकन मागे घेतला. सासरे शेजारी, पहिल्यांदाच ह्यूस्टनला आलेले. म्हणाले, "जावईबापू, मासे मिळोत न मिळोत, तवा तापलाय!" टोवाल्याने १९० डॉलर घेतले.

१७ फुटी बोट, एका ॲक्सलचा सेकंडहँड गॅल्व्हनाइज्ड ट्रेलर, महिन्यातून दोनदा गॅल्व्हस्टनच्या खाडीत. सांगाडा ठणठणीत, विंच झकास, दिवे एकदाही गेले नाहीत. सुरुवातीला मागचा भाग डुलायचा, तो माझाच गाढवपणा: बर्फाची पेटी आणि पेट्रोलचा कॅन मागे. ते पुढे घेऊन एकूण वजनाच्या दहाएक टक्के भार कपलरवर, म्हणजे गाडीला जोडायच्या टोकावर, आणला, डुलणं थांबलं.

राग आहे तो हबच्या तोंडावरच्या स्प्रिंगवाल्या टोपणावर. विकणारा म्हणाला होता, ग्रीसगन लावा, दाबा, बेअरिंग उघडायची भानगडच नाही. मी पडलो चिकट. दुकानाने दोन चाकांच्या सर्व्हिसिंगचे २८० सांगितले तेव्हा तर त्याचं म्हणणं फारच पटलं. दर फेरीआधी दहा-बारा दाब.

घरी डावा हब उघडला. ग्रीस दुधाळ, थेट चहाच्या रंगाचं, म्हणजे आत पाणी. मागचं सील, म्हणजे ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारी कडी, जागेवरून बाहेर. महामार्गावर तापलेला हब बोट उतरवायच्या रॅम्पवर थेट पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं; इथे तर सीलच नव्हतं, वर पाणी खारं.

टोपणाला शिव्या घालायच्या म्हणूनच लिहायला बसलो होतो. मध्येच उठून उजवा हब उघडला. आत ग्रीस काळपट, पण पाण्याचा थेंब नाही, सील शाबूत. कारण? तिकडचं निपल, म्हणजे ग्रीसगन लावायचं तोंड, बुजलेलं. चौदा महिने मी दाबलेलं ग्रीस बाहेरच येत होतं आणि मी ते फडक्याने पुसत होतो. म्हणजे डाव्या बाजूचं सील टोपणाने नाही, जास्त ग्रीस दाबून मीच ढकललं.

बेअरिंग एल४४६४९ नंबरची निघाली, अगदी सर्रास मिळणारी. सीलसकट किट वीसेक डॉलरचं. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची कड त्यावर दाबत राहायची, वरच्या फटीतून ग्रीसचे किडे निघेपर्यंत. चाक फिरवत नट आवळायचा, सैल करायचा, मग नुसत्या बोटांनी लागेल तेवढाच. नट अडवणारी कॉटर पिन नवी. दोन्ही चाकांना मिळून एक दुपार गेली.

आता रॅम्पवर पोचल्यावर वीस मिनिटं थांबतो. सासरे तेवढ्यात डबा उघडतात. परतल्यावर गोड्या पाण्याने धुतो, आणि ग्रीसगन फक्त डाव्या चाकाला, दोनच दाब.

उजवीकडचं निपल अजून साफ केलेलं नाही.