बुजवलेलं धुराडं उघडून बसवलेली निर्धूर चूल: दिवाळीपासून श्रावणापर्यंतचा अनुभव

औसा तालुक्यातलं आमचं घर जुनं, माळवदाचं, म्हणजे लाकडावर माती टाकून केलेल्या सपाट छताचं. गॅस आल्यावर स्वयंपाकघरातलं धुराडं विटा-मातीनं बुजवून टाकलं होतं. दिवाळीच्या आधी ते उघडलं आणि खाली पाइप जोडायची सोय असलेली, दोन तोंडांची सिमेंटची चूल बसवली. थंडी, ऊन आणि पाऊस तिन्हींत रोज वापरून माझं मत झालंय ते असं: चूल कोणतीही घ्या, खरं काम धुराड्याचं आहे. पैसा तिथं घाला. आमच्याकडं गवंड्याची मजुरी चुलीच्या किमतीपेक्षा जास्त झाली, आणि ती योग्यच होती.

आपल्याकडच्या जुन्या भिंती म्हणजे आतून-बाहेरून दगडाचे दोन थर आणि मध्ये माती-कपच्या. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे लांब दगड नसतील तर बाहेरचा थर फुगून सुटतो. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती जड माळवदासकट माणसांवर आल्या. त्यामुळं आमच्या गवंड्यानं घणाला हातच लावला नाही. आधी तुळईखाली टेकू दिला, बुजवलेल्या जागेच्या वर आडवा लिंटल बसवला, तो पक्का झाल्यावर छिन्नीनं एकेक वीट सोडवली. आतून घमेली भरभरून माती, जुनी राख आणि चिमण्यांची घरटी निघाली.

धुराडं मोकळं झालं म्हणजे काम झालं असं नाही. एवढ्या रुंद पोकळीत धूर पसरतो, गार होतो आणि वर चढायचं त्याचं बळच जातं. म्हणून चुलीपासून थेट वरपर्यंत 4 इंची पाइप नेला. धूर गरम राहिला आणि पाइप सरळ, उंच असला की ओढ चांगली लागते. माळवदाच्या कठड्यापेक्षा पाइप 2 फूट वर काढलाय, नाहीतर कठड्यावर आपटलेला वारा धूर परत घरात ढकलतो. छतातून पाइप जातो तिथं भोवतीच्या फळ्या कापून हातभर अंतर सोडलं आणि मध्ये विटांचं कडं केलं. माळवदात लाकूड किती असतं ते वरून दिसत नाही. तापलेला पाइप त्याला टेकला तर आग आतल्या आत धुमसत राहते, म्हणून इथं अजिबात काटकसर करू नका.

स्वयंपाकाचं सांगायचं तर पुढच्या तोंडावर जाळ कडक लागतो, भाकरी झटपट होतात. मागच्या वैलावर वरण सावकाश शिजतं, नंतर त्यावरच पाणी तापतं. आईचे डोळे आता चुरचुरत नाहीत, माझ्यासाठी हाच सगळ्यात मोठा फायदा. मात्र चुलीचं तोंड अरुंद आहे. भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यापुढं उभी करायला जागाच नाही. आई निखारे पत्र्यावर ओढून घेते आणि त्यावर भाकरी शेकते. येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या) भज्जीचं मोठं पातेलं तर यावर बसतच नाही, त्याला बाहेर तीन दगडच लागतात.

जळण वाळलेलं हवं. पेटवायला तुराट्या, निखाऱ्याला बाभूळ. लाकूड बोटभर नाही पण मनगटाएवढं तरी बारीक फोडावं लागतं. कपाशीच्या पऱ्हाट्या छान पेटतात, पण त्यांच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. त्यांची गंज पावसाळ्यापर्यंत ठेवू नका, उन्हाळ्यातच जाळून संपवा. ओल्या लाकडाचा धूर पाइपात गार होऊन डांबरासारखा चिकटतो आणि तोच साठून पुढं पेट घेऊ शकतो.

पाइपाच्या तळाशी झाकणाचं तोंड ठेवलंय. तिथून काजळी काढायची आणि वरून बांबूला तारेचा ब्रश बांधून फिरवायचा. चुलीच्या तोंडातून धूर पुढं यायला लागला की समजायचं, पाइप तुंबतोय. 1983 पासून सरकारनं देशभर सुधारित चुलींचा कार्यक्रम चालवला. तेव्हा आमच्या गावात बसलेल्या बऱ्याच चुली याच पायी मोडीत निघाल्या. पाइप कुणी साफच केला नाही.

तक्रारी दोन. चुलीसोबत आलेली लोखंडी जाळी उन्हाळ्याच्या आधीच वाकली. दुकानदारानं बदलून दिली नाही, शेवटी लोहाराकडून जाड सळयांची करून घेतली. दुसरी पावसाची. मृगाच्या पहिल्याच सरीत पाइपावरून काळं पाणी उतरलं आणि भिंतीवर ओघळ आले. वरची पत्र्याची टोपी अपुरी होती. मोठी बसवली, पाइपाभोवती पत्र्याची कॉलर लावून वर पांढरी माती चोपली, तेव्हा गळायचं थांबलं.

गॅस आम्ही सोडलेला नाही, सकाळचा चहा त्यावरच होतो. 14.2 किलोचं सिलेंडर आता बरंच जास्त टिकतं. रात्री निखारे उरले तर खिडकी उघडी ठेवतो आणि त्या खोलीत कुणाला झोपू देत नाही. धुमसत्या निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

भिंतीला उभे तडे असतील किंवा बाहेरचा थर फुगलेला दिसत असेल तर धुराडं उघडूच नका. चूल पडवीत घ्या आणि पाइप पत्र्यातून वर काढा, पत्र्याखालच्या लाकडी वाशांपासून तेवढंच हातभर अंतर राखून.