दोन हजारांत ‘लाइफटाइम स्टुडिओ पॅक’

नव्या लॅपटॉपचं बिल होता होता काउंटरवरचा पोरगा विचारतो, “गाणं-बिणं रेकॉर्ड करता का? क्यूबेस, एफएल स्टुडिओ, प्लगइन, सगळं टाकून देतो. दोन हजार, लाइफटाइम.” म्हणजे रेकॉर्डिंगची महागडी सॉफ्टवेअरं आणि त्यांना जोडायचे छोटे प्रोग्राम. घरी पेटी-तबल्यावर चार अभंग रेकॉर्ड करू पाहणाऱ्याला सौदा स्वस्त वाटतो. पावतीवर ओळ येते ‘सर्व्हिस चार्ज’. लायसन्स कशाचं आणि कुणाच्या नावावर, याचा पत्ता नाही.

आत काय केलं जातं ते बघा. पेनड्राइव्हवरच्या झिपला पासवर्ड असतो, तो अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून. मग विंडोज डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, बंद करून अख्खी सी ड्राइव्ह ‘एक्सक्लुजन्स’मध्ये (तपासणीतून वगळलेल्या यादीत) टाकतात, म्हणजे पुढे डिफेंडर चालू झाला तरी तिथलं काही तपासणार नाही. शेवटी कीजेन, म्हणजे परवान्याची खोटी की बनवणारा प्रोग्राम, ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालवतात. त्या एका क्लिकने अनोळखी माणसाच्या प्रोग्रामला मशीनची मालकी मिळते.

सुरुवातीला सगळं सुरळीत चालतं, म्हणून संशय येत नाही. दरम्यान ब्राउझरमधले पासवर्ड आणि कुकीज (तुमचं लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) बाहेर गेलेल्या असू शकतात. लॉगिनची कुकी चोराच्या हाती लागली की त्याला बहुतेक ठिकाणी ओटीपीही लागत नाही. यूट्यूब चॅनल असेच जातात. ‘स्टॉप’ नावाचं, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअरही मुख्यतः अशा क्रॅकमधूनच, म्हणजे परवाना-तपासणी मोडलेल्या सॉफ्टवेअरमधूनच पसरलं. वेव्ह फायलींच्या नावामागे विचित्र शेपूट आणि फोल्डरमध्ये ‘रीडमी’ची चिठ्ठी दिसली, तर रेकॉर्डिंग गेलं समजा.

लुटीचा दुसरा हप्ता तक्रार घेऊन गेल्यावर सुरू होतो. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो म्हटलं की उत्तर ठरलेलं: “रॅम वाढवा.” खरं कारण बहुधा ड्रायव्हर आणि बफर (आवाज पुढे पाठवण्याआधी साठवला जाणारा तुकडा) असतं. ४८ किलोहर्ट्झला २०४८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ४३ मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे जेमतेम ५. गाताना बफर कमी, मिक्सिंगला जास्त. ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारा डबा, असेल तर त्याच्या कंपनीचाच एएसआयओ (आवाजाचा उशीर कमी करणारा) ड्रायव्हर टाका. नसेल तर ‘एएसआयओ फोर ऑल’ फुकट मिळतो. तो बसवायचेसुद्धा पैसे घेणारे आहेत, काय बोलायचं!

ऑनलाइन स्वस्त विकल्या जाणाऱ्या ‘की’ हा निराळाच धंदा. फोकसराइटच्या स्कार्लेटसारख्या इंटरफेसबरोबर फुकट येणारी एबलटन लाइव्ह लाइट या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या छोट्या आवृत्तीची की ‘फुल व्हर्जन’ म्हणून खपवतात. ‘विंडोजसाठी लॉजिक प्रो’ म्हटलं की फसवणूक ओळखा. लॉजिक हे अॅपलचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर. अॅपलने २००२ मध्ये ते बनवणारी मूळ कंपनी घेतली तेव्हाच विंडोजची आवृत्ती बंद केली. जुन्या क्यूबेसचा यूएसबी डोंगलही (परवाना साठवलेली काडी) घेऊ नका. क्यूबेस १२ पासून, म्हणजे २०२२ पासून, डोंगलची गरजच संपलेली आहे.

दोन हजार हातात असतील तर आधी रीपर हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर वापरून पाहा. ६० दिवस पूर्ण सुविधांसह फुकट, आणि वैयक्तिक वापराचं सवलतीचं लायसन्स ६० डॉलरला. त्याचा इन्स्टॉलर वीसेक एमबीचा असतो. कुणी अर्ध्या जीबीचं ‘रीपर’ दिलं तर उघडूच नका. नुसतं एका माइकवर गायचं तर ऑडॅसिटी हे साधं सॉफ्टवेअर पुरतं. मात्र सर्चमधल्या जाहिरातीवरून नको, मूळ साइटवरूनच उतरवा.

पॅक आधीच टाकला असेल तर ‘विंडोज सिक्युरिटी’त ‘एक्सक्लुजन्स’ची यादी उघडा. सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरात, ईटीसीमध्ये ‘होस्ट्स’ फाइल असते, ती नोटपॅडमध्ये पाहा. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या नावांशेजारी १२७.०.०.१ (म्हणजे हाच संगणक) दिसलं तर परवाना-तपासणी रोखलेली आहे. नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही. पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून किंवा फोनवरून बदला आणि सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. दुकानदाराशी भांडताना एक लक्षात असू द्या: कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी नुसार चोरीचा प्रोग्राम जाणूनबुजून वापरणाराही गुन्हेगार ठरतो.

फॉरमॅट करण्याआधी इंटरनेट तोडा आणि प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून २४ बिट वेव्हमध्ये काढून घ्या, कारण क्यूबेसची प्रोजेक्ट फाइल रीपरमध्ये उघडत नाही. बॅकअपमध्ये फक्त वेव्ह आणि मिडी (वाजवलेल्या सुरांची नोंद असलेल्या) फायली न्या. प्लगइनच्या डीएलएल (प्रोग्रामच्या) फायली आणि इन्स्टॉलर तिथेच राहू द्या.