आजोबांची बेल्जियन दुनळी: वरून झिलई, पट्टीखाली गंज

शिगमो झाला आणि बंदूक दुरुस्त होऊन घरी आली, तेव्हा मी कामावर खूश होतो. तेव्हा कुणी विचारलं असतं तर खुशाल त्या माणसाकडे पाठवलं असतं. मिरग लागला आणि दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीच्या कडेने पांढरी पूड यायला लागली. पुसली की चार दिवसांत परत, आणि मागोमाग तपकिरी गंजाची बारीक रेघ. आता चवथ होऊन गेली, भात पोटरीला आलंय, रानडुकरं इथे गोव्यातल्या सत्तरीत रोज रात्री उतरतात आणि आमची बंदूक कपाटात पडून आहे.

बंदूक बेल्जियममधल्या लीज शहरात बनलेली, बारा बोअर (नळीचं माप), बॉक्सलॉक (चापाची यंत्रणा बॉडीतच बसवलेली), रिकामी काडतुसं बाहेर फेकणारा इजेक्टर नाही. आजोबांनी पोर्तुगीज अमदानीत घेतलेली, आता पीकसंरक्षणाच्या परवान्यावर माझ्या नावावर. शिकार नाही, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) आवाजापुरता बार काढायचा, एवढंच तिचं काम. निवडणूक आली की पोलिस ठाण्यात जमा करायची, तिथून परत आणायची, या खेपांमध्ये ती डागाळली होती, म्हणून दुरुस्तीला दिली. 18,000 रुपये मोजले. आमच्यासारख्यांना ही लहान रक्कम नाही.

मूळचं काय उरलंय हे बघायचं तर नळ्या सोडवून खालचा सपाट भाग उलटा करा. तिथे लंबगोलात ‘ईएलजी’ आणि वर मुकुट आहे. हा लीजच्या परीक्षागृहाचा, म्हणजे बंदुका तपासणाऱ्या संस्थेचा, शिक्का. मुकुट तिने 1893 मध्ये जोडला, म्हणजे बंदूक त्याआधीची नाही. शेजारी सिंहाखाली ‘पीव्ही’, म्हणजे बिनधुराच्या दारूवर तपासलेली. नळ्या, बॉडी आणि फोरएंडच्या (नळ्यांखालच्या पुढच्या लाकडी भागाच्या) लोखंडावर नंबर एकच. हा भाग बंद बंदुकीत दिसत नाही, म्हणून पॉलिशच्या चाकाखाली आला नाही. वरच्या बाजूला ‘असिए कॉकरिल’ ही नळ्यांच्या पोलादाच्या नावाची अक्षरं मात्र चाकाने इतकी घासलीत की तिरप्या उजेडात धरल्याशिवाय वाचता येत नाहीत. नक्षीच्या रेघांच्या कडाही गोल झाल्यात. जुनी नक्षी हाताला किंचित टोचली पाहिजे.

पण माझं खरं भांडण पट्टीशी आहे.

त्या काळच्या अशा नळ्या रस्ट ब्लूइंगने काळ्या करायचे: लोखंडावर मुद्दाम गंज चढवायचा, पाण्यात उकळायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, आणि हेच पुन्हा पुन्हा. रंग सावकाश येतो, गर्द काळा, मऊ चमकेचा. दुसरी पद्धत कॉस्टिक सोडा आणि क्षारांच्या उकळत्या टाकीत बुडवायची. अर्ध्या दिवसात काम होतं आणि चकचकीत निळसर रंग येतो. एकनळी, डाख नसलेल्या बंदुकीला ती चालते. दुनळीच्या पट्ट्या शिसं-कथलाच्या डाखाने बसवलेल्या असतात, आणि उकळता कॉस्टिक हा डाख खातो. वर टाकीतले क्षार पट्टीखालच्या पोकळीत शिरतात आणि धुऊन निघत नाहीत. आपल्याकडच्या पावसाळ्यात तेच ओल धरून बाहेर येतात. पांढरी पूड ती हीच.

दुरुस्तीवाल्याला फोन केला तर उत्तर मिळालं, ‘गोव्याची हवा खारी, तेल लावत चला.’ खाऱ्या हवेचा गंज कुठेही धरेल, कुंद्याच्या स्क्रूवर, चापावर. तो नेमका पट्टीच्या सांध्यातून सरळ रेघेत कसा येईल? यावर म्हणाला, ‘पाठवून द्या, परत बुडवून देतो.’ म्हणजे तीच टाकी परत!

तपासायची रीत सोपी आहे. नळ्या सोडवून खालच्या हूकमध्ये बोट घाला, लोंबत्या धरा आणि बोटाच्या पेराने हलकं ठोका. पट्टी घट्ट असेल तर देवळातल्या घंटेसारखा नाद लांबतो. आणली त्या दिवशी तो होता. आता ‘थड’ होतं आणि पुढच्या टोकाकडे बारीक झर्र ऐकू येते. अशा नळ्यांतून मी बार काढणार नाही, तुम्हीही काढू नका.

लाकडाबद्दल मात्र माझं मत वरचेवर सुधारत गेलं. कुंदा इतका स्वच्छ आला होता की बदललाय अशीच शंका होती. पावसाळ्यात फोरएंड उघडून तेल लावताना लाकडाच्या आतल्या बाजूला तोच नंबर ठोकलेला दिसला. अक्रोड मूळचंच आहे. लोखंडाला भिडतं तिथे ते केसभर वर आहे. घासून घासून काढलेलं लाकूड लोखंडाच्या खाली जातं, तसं इथे झालेलं नाही. पकडीसाठी कोरलेली चौकटीची जाळी हाताने, जुन्या रेघांतूनच पुन्हा उघडलीय. हे काम करणारा कारागीर वेगळा असावा, आणि तो फार चांगला आहे. चेंबरही (नळीत काडतूस बसतं ती जागा) त्यांनी वाढवले नाहीत, 65 मिमीचेच ठेवले, याचं मोल मोठं आहे. 70 मिमीचं काडतूस त्यात घुसतं, पण उडताना तोंड उघडायला जागा नसते आणि दाब वाढतो. म्हणून पाकिटावरचा आकडा वाचल्याशिवाय काडतूस घेत नाही.

आता पट्ट्या काढून, आतलं धुऊन, नव्या डाखाने बसवून रस्ट ब्लूइंग करायचं. त्याचा खर्च पहिल्या बिलाच्या जवळपास जातो, आणि तो मी त्याच दुकानाकडे मागितलाय. लेखी. लाकडाला पाचपैकी पाच, नळ्यांच्या कामाला शून्य. दुनळी दुरुस्तीला देणार असाल तर आधी ब्लूइंग कोणतं करणार ते विचारा, आणि टाकी म्हणाला तर बंदूक घेऊन घरी या.